सा दोन टिक अलीकडे

गाणारा माणूस सूर जागेवरून रोज हलवतो. सूर थोडा उशिरा लावला की त्याला नजाकत म्हणतात, फार उशिरा लावला की विलंबित म्हणतात, आणि लावलाच नाही तर 'आज बुवांचा घसा बसला होता' म्हणतात. यापैकी कशासाठीही त्याला बटण दाबावं लागत नाही. हेच काम संगणकावर करायचं म्हटलं, की आधी चौकशी होते: तुम्ही कुठल्या घराण्याचे?

कारण संगणकावरच्या संगीताची दोन घराणी आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी जेमतेम बोलणं आहे. पहिलं नोटेशनवाल्यांचं. सिबेलियस, डोरिको, म्यूझस्कोर ही त्यातली नामांकित मंडळी. यांच्या पडद्यावर पाच रेघा असतात, रेघांवर काळी-पांढरी मुंडकी असतात, आणि शेवटी हे सगळं कागदावर छापायचं आहे या श्रद्धेवर कारभार चालतो, मग घरात प्रिंटर नसला तरी. दुसरं घराणं सीक्वेन्सरवाल्यांचं. क्यूबेस, लॉजिक आणि त्यांची भावकी. यांच्या पडद्यावर सुरांचे रंगीत पट्टे असतात. पट्टा सुरू झाला की सूर सुरू, पट्टा संपला की सूर संपला. या खिडकीला पियानो रोल म्हणतात, कारण शंभर वर्षांपूर्वी आपोआप वाजणारे पियानो भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर चालायचे. मेक्सिकोत जाऊन राहिलेला कॉनलन नॅनकारो हा अमेरिकी संगीतकार अनेक दशकं अशा गुंडाळ्यांना भोकं पाडत बसला. त्याच्या एका रचनेत दोन धारांच्या गतीचं गुणोत्तर गणितातल्या 'ई' आणि 'पाय' या संख्यांचं आहे. साथीला कोणी बसलं नाही, यात नवल नाही.

सीक्वेन्सरमध्ये सूर हलवायचा म्हणजे पट्टा माऊसने धरायचा आणि सरकवायचा. 'स्नॅप' चालू असेल तर तो जवळच्या रेघेला जाऊन चिकटतो, बंद केलं तर सोडाल तिथे राहतो. किती सरकला हे टिकमध्ये मोजतात. एका क्वार्टर नोटचे, म्हणजे आपण एक मात्रा धरू तिचे, कुठे ४८० तुकडे करतात तर कुठे ९६०. त्यातला एक तुकडा म्हणजे एक टिक. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ९६० वाली टिक अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास येते. एवढ्या वेळात माणसाला काहीही करता येत नाही, तक्रारसुद्धा.

माझ्या भाच्याला मात्र येतं. डोंबिवलीला त्याने स्वतःच्या बेडरूममध्ये स्टुडिओ थाटला आहे. खोलीत पलंग असल्याचं ऐकिवात आहे. जाहिरातींच्या चाली, नाटकांचं पार्श्वसंगीत, एखाद्या गणेश मंडळाचं शीर्षकगीत, असं सगळं तिथून निघतं. परवा मला बोलावून म्हणाला, "मामा, ही टाळी सात टिक मागे घेतली. ऐक."

"वा, फारच छान."

"थांब, अजून लावली नाहीये."

दोन आवाजांपैकी आधी कुठला आला हे सांगायला माणसाच्या कानाला साधारण २० मिलिसेकंदांचं अंतर लागतं, असं मी कुठेतरी वाचलेलं होतं. ते मी त्याच्या तोंडावर फेकलं. सात टिक म्हणजे चारही मिलिसेकंद भरत नाहीत. तो शांतपणे म्हणाला, "मामा, आधी कोण आलं ते कळत नाही. पण काहीतरी वेगळं झालं हे कळतं." यात तथ्य आहे. वरच्या मजल्यावर भांडण कोणी सुरू केलं ते आपल्याला कुठे कळतं? पण झालं हे कळतंच.

हीच टाळी नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सात टिक मागे न्यायची म्हटली, तर मागे जायला जागाच नसते. तिथे काळ सलग वाहत नाही. तो पूर्ण, अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश असा वाटून दिलेला असतो आणि प्रत्येक सुराने आपापल्या वाट्यात राहायचं असतं. मात्रांचं एक घर म्हणजे बार. तो चार मात्रांचा असेल तर चार म्हणजे चार. पावणेचार झाल्या तर सॉफ्टवेअर उरलेल्या जागेत स्वतःच्या पदरचा रेस्ट, म्हणजे विराम, भरतं. सव्वाचार झाल्या तर जास्तीचा तुकडा टाय, म्हणजे जोडकमान, लावून पुढच्या बारमध्ये ढकलतं, आणि तिथे आधीपासून राहणारा सूर निमूटपणे गिळून टाकतं. तुम्ही एक टाळी हलवायला गेलात आणि तीन पानं पुढच्या बासरीचा अंतरा गायब झाला, असं इथे नेहमी घडतं.

सर्वांत मोठी फसवणूक माऊसची. काही नोटेशनच्या सॉफ्टवेअरांत सूर धरून आडवा ओढता येतो. तो ओढला जातो, उजवीकडे सरकतो, डोळ्यांना चांगला उशिरा दिसतो. तुम्ही समाधानाने वाजवून पाहता, तर तो अगदी पहिल्याच जागी वाजतो. तुम्ही फक्त शाई हलवलेली असते. छपाईत दोन खुणा एकमेकींवर चढू नयेत म्हणून केलेली ती सोय आहे, काळाशी तिचा काडीचा संबंध नाही.

एवढं सगळं माहीत असूनही माझ्या भाच्याने दोन्ही घराण्यांत सोयरीक जुळवायचा घाट घातला. एका नाटकासाठी त्याने व्हायोलिनची सुरावट कीबोर्डवर वाजवली होती. मनापासून वाजवली होती, त्यामुळे एकही सूर रेघेवर नव्हता. ती खऱ्या व्हायोलिनवादकांकडून वाजवून घ्यायचं ठरलं. त्याने मिडी फाइल, म्हणजे कुठला सूर कधी दाबला आणि कधी सोडला याची नोंद, काढली, नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, छापली आणि आम्ही माहीमला गेलो. तिथे एक वयस्कर गोवेकर वादक राहतात. सिनेमाच्या वाद्यवृंदांत त्यांची हयात गेली. सगळे त्यांना अंकल म्हणतात.

अंकलनी चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला, मग जवळ आणला. पहिल्या बारमध्ये बत्तिसाव्या भागाचा रेस्ट, त्यामागे चौसष्टाव्या भागाचा सूर, तो टायने टिंबवाल्या षोडशांशाला बांधलेला, तो पुन्हा टायने आणखी कशाला तरी बांधलेला, मध्येच तीन सुरांवर ट्रिप्लेटचा कंस. पान काळंकुट्ट झालं होतं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी वाजवलं, अंकल. लिहिलं कॉम्प्युटरने."

"मग वाजवायला पण त्यालाच सांग, बाबा."

मग ते म्हणाले, "तू गाऊन दाखव." भाच्याने गाऊन दाखवलं. अंकलनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने चार बार लिहिले. सरळ, साधे, शाळेतल्या पोराला वाचता येतील असे.

भाचा कासावीस झाला. "पण अंकल, तो तिसरा सूर मी जरा मागून लावतो ना, तो यात कुठे आहे?"

"ते तू लिहायचं नसतं. ते मी वाजवायचं असतं."

दोन घराण्यांमधलं सगळं भांडण या एका वाक्यात आहे. तरीही आपल्या सोयीसाठी ते लग्नकार्यात नेऊन पाहू. लग्नाची पत्रिका आणि लग्नाचं व्हिडिओ शूटिंग यांत जो फरक, तोच नोटेशन आणि सीक्वेन्सर यांत. पत्रिकेत 'शुभमुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटे' असं छापलेलं असतं. १२ वाजून ३७ मिनिटांनी काय चाललेलं असतं हे सर्वांना ठाऊक आहे. नवरदेवाचा फेटा सुटलेला असतो, मुलीचे मामा पार्किंग शोधत असतात आणि गुरुजी माईकमध्ये फुंकर मारत असतात. अक्षता पडतात १२ वाजून ५८ मिनिटांनी. तरीही पत्रिका खोटी छापली, असं कोणी म्हणत नाही. ती वाचणारा याआधी लग्नांना गेलेला असतो. कधी निघायचं, पुढे बसायचं की मागे, जेवणाची पहिली पंगत धरायची की दुसरी, हे त्याला पत्रिकेने सांगावं लागत नाही.

आता शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्यातल्या घड्याळावरून पत्रिका छापून पाहा. 'आमचे येथे श्रीकृपेकरून शुभविवाह दुपारी १२ वाजून ५८ मिनिटे १४ सेकंदांनी. चौथे मंगलाष्टक दोनदा, कारण वधूच्या मावशींना चाल उशिरा सापडली. त्यानंतर चार सेकंद शांतता, अंतरपाट अडकल्याने.' यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि पत्रिका म्हणून हा कागद टाकाऊ आहे. सीक्वेन्सरमधलं वादन जसंच्या तसं नोटेशनमध्ये उघडलं, की छापून येते ती ही पत्रिका. उलट, पत्रिका हातात देऊन एक यंत्रमानव उभा केला, तर तो ठीक १२ वाजून ३७ मिनिटांनी रिकाम्या पाटांवर अक्षता टाकून जेवायला बसेल. नोटेशन लिहून तसंच संगणकाकडून वाजवून घेतलं, की ऐकू येतं ते हे लग्न.

लिहायचं एक आणि वाजवायचं दुसरं, हा काही संगणकाने लावलेला शोध नव्हे. फ्रेंच संगीतकार फ्रान्स्वा कूपरँ याने १७१६ साली हार्पसिकॉर्ड वाजवण्याच्या कलेवर पुस्तक लिहिलं, त्यात आपण फ्रेंच लोक लिहितो एक आणि वाजवतो दुसरं अशी कबुली देऊन ठेवली आहे. कागदावर सारख्या लांबीचे दिसणारे सूर फ्रेंच वादक एक लांब, एक आखूड असे झुलवून वाजवायचे. व्हिएन्नाच्या वॉल्ट्झमध्ये तीन मात्रा कागदावर सारख्या असतात. तिथले वादक दुसरी मात्रा थोडी आधीच उरकतात. जॅझवाले सारखे अष्टमांश लिहितात आणि वर 'स्विंग' एवढा एक शब्द टाकून मोकळे होतात. किती स्विंग, ते ज्याने त्याने कुळाचाराप्रमाणे ठरवायचं.

आपल्याकडे तर या घोटाळ्याची व्यवस्था फार आधी लागलेली आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात तालाचे सम, अतीत आणि अनागत असे ग्रह सांगितले आहेत. आजच्या मैफलीच्या बोलीत सांगायचं, तर नेमकं समेवर आलात तर सम, सम होऊन गेल्यावर आलात तर अतीत, आणि समेच्या आधीच येऊन बसलात तर अनागत. शून्य टिक, अधिक टिक आणि उणे टिक, तिन्हींना शास्त्राची मान्यता. चुकीला एकदा नाव मिळालं की तिचा अलंकार होतो. अट एवढीच, की पुढच्या आवर्तनातही तितकंच आणि तिथेच चुकून दाखवावं लागतं.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी जुन्या खानदानी चिजा मिळवून स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग झाले. त्यांच्या लिपीत मात्रांची घरं आहेत, एका मात्रेत कोंबलेल्या सुरांखाली कंस आहे, कणस्वर डोक्यावर बारीक अक्षरात बसवला आहे, मींडेला वरून कमान आहे, लांबलेल्या अक्षराला अवग्रह आहे. सूर मात्रेच्या किती मागून लावायचा, याला मात्र चिन्ह नाही. पंडितजी शिक्षणाने वकील होते. कागदावर काय आणावं आणि काय तोंडी राहू द्यावं, हे वकिलाहून जास्त कोणाला कळणार?

आणि विलंबित लयीत तर टिकवाल्यांची पंचाईतच आहे. बारा मात्रांच्या एकतालाचं एक आवर्तन संथ ख्यालात मिनिटभर चालू शकतं. म्हणजे एका मात्रेला पाच सेकंद. भाच्याच्या हिशेबाने या पाच सेकंदांत ९६० टिक मावतात आणि बुवांचा सूर त्यातल्या कितव्या टिकेवर आहे हे त्याला शोधायचं असतं. बुवांना फक्त थांबायचं असतं.

वाजवलेले सूर रेघेवर बसत नाहीत, हे दुखणं सीक्वेन्सरवाल्यांनाही कळलेलं आहे, पण त्यांचा इलाज निराळा. त्यांच्याकडे 'क्वांटाइझ' नावाचं बटण असतं. ते दाबलं की इकडे-तिकडे उभे असलेले सगळे सूर रेघेवर येतात. रॉजर लिन या अमेरिकी अभियंत्याने १९८० साली काढलेल्या ड्रम मशीनमध्ये ही सोय होती आणि सोबत स्विंगचीही होती. पुढे १९८८ मध्ये आलेल्या त्याच्या एमपीसी ६० या यंत्रात एका मात्रेच्या ९६ टिक होत्या आणि स्विंग ५० टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत मोजून देता यायचा. व्हिएन्नावाले ज्यासाठी पिढ्या घालवतात, ते इथे टक्क्यांवर आलं.

पण सगळे सूर रेघेवर आले, की गाणं मेल्यासारखं वाटतं. मग दुसरं बटण येतं, 'ह्यूमनाइझ'. आधी वादकातला माणूस काढून टाकायचा आणि मग तो परत भरायचा, असा हा दुहेरी खर्च आहे. या दुसऱ्या बटणातली मेख अशी, की ते बहुधा सूर वाटेल तसे चार टिक इकडे, पाच टिक तिकडे उधळतं. खरा वादक असा उधळत नाही. संशोधक होल्गर हेनिग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ साली माणसांचं तालवादन मोजून पाहिलं, तेव्हा त्यांना आढळलं की वादकाच्या चुका सुट्या नसतात. आत्ताच्या चुकीचा पुढे बऱ्याच अंतरावरच्या चुकीशी संबंध असतो. म्हणजे माणूस चुकतो तोसुद्धा आपल्याच मागच्या चुकीची आठवण ठेवून. लग्न झालेल्या मंडळींना यासाठी संशोधन लागलं नसतं.

बरं, यंत्र तरी वेळेवर असतं का? वाद्यं आणि संगणक यांनी एकमेकांना निरोप द्यायची मिडी ही व्यवस्था १९८३ मध्ये आली. तिच्या मूळच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. 'अमुक सूर अमुक जोराने सुरू कर' या एका निरोपाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, आणि निरोप एकामागून एकच जातात. तेव्हा दहा बोटांनी एकदम दाबलेल्या कॉर्डमधला दहावा सूर साध्या हिशेबाने पहिल्यापेक्षा नऊएक मिलिसेकंद उशिरा पोचतो. सर्वांत शिस्तीच्या यंत्रातसुद्धा सगळे एकदम आले असं कधी होत नाही, रांग असतेच. शिवाय मिडीच्या निरोपात सुराची लांबी नावाची गोष्टच नाही. 'सूर सुरू' हा एक निरोप, 'सूर बंद' हा दुसरा. दुसरा वाटेत हरवला, तर पहिला सूर विजेची तार उपटेपर्यंत वाजत राहतो.

तार सोडून मोकळ्या हवेत यावं, तर तिथेही तीच गत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. गायकापासून तीन मीटरवर बसलेल्या तबलजीची थाप गायकाच्या कानावर नऊ मिलिसेकंद उशिरा येते. भाच्याच्या भाषेत १७ टिक. नाट्यगृहात ३४ मीटर मागे बसलेल्या रसिकाला सम सेकंदाचा दहावा हिस्सा उशिरा कळते, आणि तरीही 'क्या बात है' ची पहिली आरोळी तिथूनच येते. अनागत दाद म्हणतात ती हीच असावी.

मग ही दोन घराणी एकत्र आणायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. सीक्वेन्सरवाल्यांनी आपल्या घरात नोटेशनची एक खोली बांधली. क्यूबेस आणि लॉजिक यांच्या त्या खोलीत 'दाखवण्यापुरतं क्वांटाइझ' करता येतं. डोळ्यांना सूर रेघेवर दिसतात, कानांना होते तिथेच वाजतात. नोटेशनवाल्यांनी उलट बाजूने हात पुढे केला. सिबेलियसमध्ये तुम्ही कीबोर्डवर वाजवून सूर घातले असतील, तर मूळ वादनातली ढिलाई ते छापील सुरामागे लपवून जपतं आणि सांगितलं तर तशीच वाजवतं. डोरिकोने तर प्रत्येक सुराला दोन वेळा दिल्या, एक लिहिलेली आणि एक वाजलेली. दुसरी हवी तितकी हलवा, पहिली ढळत नाही. कायद्याचं नाव एक आणि हाक मारायचं नाव दुसरं, असं चालवणाऱ्या आपल्या समाजाला यात अवघड काही नाही.

मौजेचा भाग असा, की ही मंडळी मुळात इतकी परकी नव्हतीच. म्यूझस्कोरचा जन्म एका सीक्वेन्सरच्या पोटी झालेला आहे. वेर्नर श्वेअर या जर्मन प्रोग्रॅमरने आपल्या 'म्यूझ' नावाच्या सीक्वेन्सरमधला नोटेशनचा भाग २००२ साली बाजूला काढला आणि त्याचा वेगळा संसार मांडून दिला. पुढे २०२२ च्या डिसेंबरात म्यूझस्कोरची चौथी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात आधीची पियानो रोलची खिडकीही नव्हती. माहेरचं तेवढं एक उरलं होतं, तेही गेलं. दुसऱ्या बाजूला क्यूबेस आणि डोरिको ही एकाच कंपनीची भावंडं वर्षानुवर्षं वेगळ्या चुली मांडून होती. २०२४ च्या अखेरीस आलेल्या क्यूबेस १४ मध्ये डोरिकोवर आधारलेली नोटेशनची खिडकी बसवली गेली.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, असं कोणी विचारेल. भाचा विचारत नाही, कारण त्याचं पोट त्यावर आहे. मराठी माणसाच्या परिचयाचं उदाहरण 'सैराट'चं. २०१६ च्या या चित्रपटासाठी सिंफनी ऑर्केस्ट्राचं वादन थेट हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झालं. तिथले वादक कागद समोर आला की पहिल्या वाचनात वाजवतात. अशा वादकांपुढे रंगीत पट्टे मांडून चालत नाही, आणि अंकलपुढे आला होता तसला काळाकुट्ट कागद तर नाहीच नाही. स्टुडिओचं भाडं चालू असतं, साठ-सत्तर माणसं वाद्यं उचलून बसलेली असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाने चौसष्टाव्या भागाचा रेस्ट मोजायला घेतला, तर निर्मात्याला घर विकावं लागेल. म्हणून जगभर या कामासाठी वेगळी माणसं असतात. संगीतकाराने सीक्वेन्सरमध्ये केलेलं काम घ्यायचं, त्यातली ढिलाई धुऊन काढायची, वाचता येईल असं लिहायचं, आणि धुतलेली ढिलाई वादक स्वतःच्या पदरची परत घालतील असा भरवसा ठेवायचा.

मुंबईत हे काम संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून गोव्याच्या लोकांनी केलं. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून पोरांना पाच रेघा वाचायला शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईच्या सिनेमात आली. संगीतकार पेटी घेऊन चाल गायचा, त्यात हरकती, मुरक्या, आठवण झाली म्हणून घेतलेला चहा, सगळं असायचं. समोर बसलेला सेबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर त्यातलं काय लिहायचं हे ठरवून ते सगळ्या वाद्यांना वाटून द्यायचा. संगीतकार प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं आणि घराघरांत गेलं. त्यांचं काम कागदावरच राहिलं. चाल कागदावर उतरताना तिचा जीव जाऊ नये आणि कागद वाचणाऱ्याचाही जाऊ नये, ही ती कला. तिला ना स्नॅप लागतो ना टिक. दोन्हीकडच्या लग्नांना जेवून आलेला माणूस मात्र लागतो.

भाच्याचं रेकॉर्डिंग शेवटी झालं. अंकलनी आपल्यासारखेच आणखी पाच जण आणले. सहा व्हायोलिनं, सहा हेडफोन, त्यांत मात्रा मोजणारी क्लिक. पहिली खेप सगळ्यांनी बरोबर क्लिकवर वाजवली. भाचा काचेमागे नाराज. "अंकल, तो तिसरा सूर," त्याने माईकवरून सुरुवात केली, "साधारण तीस टिक—"

अंकलनी हात वर करून त्याला थांबवलं, पेन्सिल काढली, स्वतःच्या कागदावर तिसऱ्या सुराच्या डोक्यावर दोन शब्द लिहिले आणि कागद शेजाऱ्याकडे दिला. सहाही कागदांवर ते दोन शब्द चढले: घाई नको. दुसऱ्या खेपेला तिसरा सूर जिथे यायला हवा होता तिथे आला.

त्या रात्री भाच्याने ते वादन पडद्यावर मोठं करून मोजलं. सहा जण सहा वेगवेगळ्या ठिकाणी होते, एकही तीस टिकांवर नव्हता, आणि ऐकायला मात्र एकच माणूस वाजवतोय असं वाटत होतं. आता त्याला ही करामत कीबोर्डवरच्या व्हायोलिनांना शिकवायची आहे. मिडीत शून्यापासून १२७ पर्यंत एकूण १२८ कंट्रोलर क्रमांक असतात. आवाजाची पातळी सातव्यावर आहे, सस्टेन पेडल चौसष्टाव्यावर. 'घाई नको' कितव्यावर आहे, हे विचारायला त्याने अंकलना फोन केला होता. अंकल म्हणाले, "नंबर नको विचारू बाबा, जेवायला ये. आणि वेळेवर ये."

भाचा अर्धा तास उशिरा पोचला. जेवण तेव्हाच तयार झालं होतं.